घर बदलते, कपाट का तुटावे?
लहान दिवाणखान्याचे फर्निचर आणि आपला सुतार

कापड विकणाऱ्याने फर्निचरवर का लिहावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, या बाबतीत एक चूक आमच्या हातून झाली आहे. तीच चूक आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंकडून रोज होताना दिसते, म्हणून हा लेख.

दादर-परळच्या मधल्या हिंदमाता बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. तेथे एक गुमास्ता आमच्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ काम करतो. तो लालबागच्या चाळीत वाढलेला गिरणी कामगाराचा मुलगा. तो आम्हाला शेठ म्हणतो, आम्ही त्याला भाऊ म्हणतो. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला मराठी पावती लिहायला त्यानेच शिकविले. २०१५ साली त्याच्या मुलाचे लग्न ठरले. दहा बाय बाराच्या खोलीत सामान मावेना. भाऊ म्हणाले, "शेठ, तुमच्या ओळखीचा चांगला सुतार द्या." आम्ही आमच्या मोहल्ल्यातला सुतार पाठविला. कामात पक्का आणि मालात प्रामाणिक माणूस. त्याने एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाट ठोकले. त्यातच टीव्हीची जागा, शोकेस, गाद्यांचा कप्पा आणि वर छतापर्यंत माळा. सामान व मजुरी मिळून पंच्याऐंशी हजार रुपये लागले. चाळीतले शेजारी पाहायला आले आणि आमचीही छाती फुगली.

चार वर्षांनी चाळ पुनर्विकासाला गेली. खोली खाली करायची तारीख आली. कपाट भिंतीला खिळलेले, फळ्या फेविकॉलने जोडलेल्या, चौकटी भिंतीत गाडलेल्या. पहार लावल्याशिवाय काहीच निघेना. जे निघाले त्याचे भंगारवाल्याने बाराशे रुपये दिले. ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीत ते कुटुंब पाच वर्षे पुठ्ठ्याच्या खोक्यांत कपडे ठेवून राहिले. लग्नात सुनेने आणलेले लोखंडी कपाट तेवढे सोबत गेले.

गेल्या वर्षी त्यांना नव्या घराची चावी मिळाली. भाऊ पेढे घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, आता कोणता सुतार बोलवू?" आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. सुताराचे काम वाईट नव्हते. ते इतके पक्के होते की भिंतीबरोबरच मेले. घर बदलणार आहे, हे त्याला आम्ही सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

एक रुपयाची गाठ आणि १६० चौरस फूट

ही एका भाऊची गोष्ट नाही. आज गिरगावपासून दादरपर्यंतचा अर्धा वस्तीभाग घर बदलतो आहे किंवा बदलण्याच्या रांगेत उभा आहे.

बीडीडी चाळींचेच पाहा. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कामगारांना राहायला जागा उरली नव्हती. तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि १९२० च्या दशकात त्याने या चाळी बांधल्या. त्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला होता. म्हणजे आमच्या कापडाच्या धंद्याच्या पैशावरच या भिंती उभ्या राहिल्या, असे म्हणायला हरकत नाही. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७ इमारती. बहुतेक इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. त्यात तीन-तीन पिढ्या राहिल्या.

आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे म्हाडा या चाळींच्या जागी टॉवर बांधत आहे. प्रत्येक कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीतील पहिल्या दोन इमारतींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाव्या देण्यात आल्या. गिरगाव, लालबाग, परळमधील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात किमान ३०० चौरस फूट मिळतात. गिरण्यांच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी बांधलेली घरे २२५ चौरस फुटांची आहेत. तात्पर्य, घर नवे असले तरी दिवाणखाना लहानच आहे. त्यातच रात्री दोघे-तिघे झोपतात, मुले अभ्यास करतात आणि पाहुणेही तेथेच बसतात.

शिवाय जुन्या चाळीत छत उंच होते, म्हणून पोटमाळा होता. पाटे-वरवंटे, हंडे, जादा गाद्या, गणपतीचे मखर, रमजानची मोठी भांडी, सारे वर जात असे. नव्या टॉवरमध्ये छत खाली आले आणि माळा गेला. जागा वाढली, पण सामान ठेवायची जुनी सोय संपली. म्हणूनच चावी मिळाल्यावर पहिला फोन सुताराला जातो. त्या सुताराने काय करावे, हा आमचा आजचा मुद्दा आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. लहान घरातले फर्निचर भिंतीचे नसावे, कुटुंबाचे असावे. ते ठरावीक मापाच्या सुट्या डब्यांत बनवावे, खोलून नेता यावे आणि नव्या जागी पुन्हा जोडता यावे. कंपन्यांच्या दुकानांत यालाच मॉड्युलर म्हणतात. नाव मोठे आहे, पण कल्पना आपल्या लोखंडी कपाटाइतकी जुनी आहे.

लालबागचाच दाखला

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपांचा कारखाना काढला तो लालबागेत. त्यांच्या कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. पुढे हे कपाट चाळीतल्या प्रत्येक लग्नाच्या यादीत आले. ते का आले? ते मजबूत होते, हे खरेच. पण त्याचे मापही बघा. साधारण तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, दीड फुटांहून थोडे अधिक खोल. चाळीच्या जिन्यावरून चार माणसे ते चढवू शकतात, दरवाजातून ते आत जाते आणि कोणत्याही भिंतीला उभे राहते. भाऊंच्या घरातून शेवटी तेच वाचले, ते याच कारणाने.

परदेशातही गरिबांच्या घरांसाठी हाच विचार झाला. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराने पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी वसाहती बांधल्या. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या बाई वास्तुशिल्पकाराने त्यांच्यासाठी एक लहान स्वयंपाकघर आखले. कोणता डबा कोठे, ओटा किती उंच, हात कोठपर्यंत पोचतो, हे सारे आधी मोजले आणि एकाच मापाची सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली. आपल्याकडे ५५६ घरे एका वेळी ताब्यात मिळतात, त्यांचे नकाशे एकसारखे किंवा दोन-तीन नमुन्यांचे असतात, आणि तरी प्रत्येक घरात वेगळा सुतार येऊन टेपने नव्याने मोजमाप घेतो. यात कोणाचा फायदा आहे?

खोली रात्री मोजा

प्रथम मोजमापाबद्दल. आपल्याकडे सुतार दिवसा येतो, भिंत मोजतो आणि विचारतो, "किती फूट करायचे?" गिऱ्हाईक म्हणते, "पूर्ण भिंत करून टाका." येथेच पहिली चूक होते.

लहान दिवाणखाना रात्री मोजावा. किती माणसे खाली झोपतात? एका गादीला सहा फूट लांबी आणि अडीच फूट रुंदी धरा. तीन माणसे झोपत असतील तर सहा बाय साडेसात फूट जमीन मोकळी हवीच. मग दरवाजा किती उघडतो ते पाहा. कपाटापुढे उभे राहून ड्रॉवर ओढायला दोन ते अडीच फूट जागा लागते. मधोमध चालायची वाट दोन फुटांपेक्षा कमी झाली की घरातले लोक एकमेकांना धडकतात आणि भांडणे वाढतात. सरकत्या दारांना पुढे जागा लागत नाही, हे खरे. पण त्यात एका वेळी अर्धेच कपाट उघडते आणि चॅनलमध्ये तीनेक इंच खोली जाते. हे सारे वजा करून जी भिंत उरते, तीच तुमची.

दुसरे म्हणजे भिंतीच्या आधी सामान मोजा. घडीचे कपडे किती, टांगायचे किती, पुस्तके किती, गाद्या-रजया किती? टांगलेल्या कपड्याला बावीस ते चोवीस इंच खोली लागते. घडीच्या साडीला किंवा शर्टाला पंधरा-सोळा इंच पुरतात. पुस्तकांना आणि कपबश्यांना दहा-बारा इंच भरपूर झाले. चोवीस इंच खोल कप्प्यात कपबश्या ठेवल्या तर मागची रांग ईदला नाहीतर दिवाळीलाच दिसते. लहान खोलीत जमिनीचा इंच-इंच महाग असतो. दहा फूट भिंतीवर खोली चोवीसऐवजी सोळा इंच केली, तर साडेसहा चौरस फुटांहून अधिक जमीन परत मिळते. एका लहान मुलाला झोपायला एवढी पुरते.

पन्हा पाहून कापा

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कापड घेताना आम्ही आधी पन्हा पाहतो. छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडात जे बसते ते चव्वेचाळीसमध्ये वेगळे बसते. चांगला कटर पन्हा पाहून पॅटर्न मांडतो आणि चिंधी कमी काढतो. प्लायवूडचा पन्हा ठरलेला आहे. शीट आठ फूट लांब, चार फूट रुंद. म्हणजे शहाण्णव इंच बाय अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीसला बाराने, सोळाने आणि चोवीसने भाग जातो. खोली बारा ठेवली तर एका शीटमधून चार पट्ट्या निघतात, सोळाला तीन, चोवीसला दोन. करवत प्रत्येक कापाला साधारण एक सूत खाते आणि कडाही साफ कराव्या लागतात, म्हणून सोळाची पट्टी पंधरा इंच सहा सूत धरावी. गिऱ्हाईक सहज म्हणते, "अठरा इंच करा." मग दोन पट्ट्या निघून बारा इंचांचा तुकडा उरतो. तो कोठे लावला नाही तर पाव शीट वाया गेली, आणि तिचे पैसे त्याच गिऱ्हाइकाच्या बिलात आहेत.

लांबीचेही तसेच. शहाण्णव इंचात अठ्ठेचाळीसचे दोन, बत्तीसचे तीन, चोवीसचे चार तुकडे बसतात. म्हणून आम्ही ओळखीच्या दोन सुतारांबरोबर बसून भाऊंसाठी असे माप ठरविले. डबा बत्तीस इंच रुंद, सोळा इंच खोल. उंच डबा अठ्ठेचाळीस इंचांचा, बुटका चोवीसचा आणि वर चढविण्याचा बत्तीसचा. खाली चार इंचांचे पाय. चार, अठ्ठेचाळीस आणि बत्तीस मिळून चौऱ्याऐंशी, म्हणजे बरोबर सात फूट. असे तीन डबे शेजारी ठेवले की आठ फूट होतात. दहा फूट भिंतीवर दोन फूट मोकळे राहतात, त्यात बोर्ड, पडदा आणि दरवाजाची उघडझाप.

भाऊंच्या घरी सध्या एक उंच जोडी आणि दोन बुटके डबे आहेत. बुटक्यांच्या वर भिंतीवर टीव्ही आहे. गणपतीत बुटके डबे एकमेकांपासून सोडवून बाजूला घेतले आणि त्या जागी मखर बसले. आमच्यासारख्यांच्या घरात हेच डबे सरकवून दस्तरखानाला जागा होईल. उद्या नातू शाळेत गेला की एका बुटक्यावर बत्तीस इंचांचा डबा चढवायचा. आज पैसे नाहीत तर आज नाही. एका वेळी सगळ्या भिंतीचे बिल द्यायची सक्ती राहत नाही.

खोलता येईल असे जोडा

डबा खोलता आला नाही तर तो सुटा असून उपयोग काय? येथे जोड महत्त्वाचा आहे.

फेविकॉल आणि खिळा लावला की तो जोड कायमचा. खोलायच्या कामाला मिनीफिक्स आणि लाकडी डोवेल लावावेत, किंवा आत बसणारी नट आणि बोल्ट. हे सारे नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळते. डोवेल फळी जागेवर धरतो, मिनीफिक्स आवळतो, आणि खोलायला पेचकसाचा अर्धा फेरा पुरतो. मात्र मालाकडे लक्ष द्यावे. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू दोन-तीनदा काढून लावला की भोक भुसभुशीत होते आणि पकड जाते. चांगल्या प्लायमध्ये तसे लवकर होत नाही. ज्याला आयुष्यात दोनदा घर बदलायचे आहे, त्याने प्लायच घ्यावा.

कंपन्या बाजूच्या फळीला एका रांगेत लहान भोके पाडतात. ती बत्तीस मिलिमीटर अंतरावर, पाच मिलिमीटर व्यासाची आणि पुढच्या कडेपासून सदतीस मिलिमीटर आत असतात. ही जगभर चालणारी पद्धत आहे. कप बिजागरीच्या प्लेटा आणि ड्रॉवरचे चॅनल याच अंतराला धरून बनतात. या भोकांमुळे फळी वर-खाली करता येते. पत्र्याची किंवा जाड प्लायची एक जिग करून घेतली की आपला सुतारही साध्या ड्रिलने ही भोके सरळ पाडू शकतो. यात मोठे यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

वजनही विसरू नये. अठरा मिलिमीटरची एक पूर्ण शीट तीस किलोच्या आसपास भरते. तीन शीटचे एकसंध कपाट म्हणजे नव्वद किलो, आणि जुन्या चाळीच्या जिन्याच्या वळणावर ते अडकले की मागेही येत नाही. बत्तीस इंची डबा दोन माणसे उचलतात, तो लिफ्टमध्येही मावतो.

ओल, वाळवी आणि भिंत

मुंबईच्या पावसाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पावसाच्या माऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नये. मागे दोन बोटे हवा राहू द्यावी. डबा पायांवर उभा असावा, म्हणजे लादी पुसता येते, वाळवी लवकर दिसते आणि पाणी आले तरी फळी बुडत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावावी, मागच्या बाजूलाही. न दिसणारी कड उघडी ठेवली की ओल तेथूनच शिरते.

प्लायचे तीन प्रकार गिऱ्हाइकाला सांगावेत. भारतीय मानक ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दर्जे आहेत; मानक ७१० म्हणजे मरीन प्लाय. दिवाणखान्यातल्या कोरड्या भिंतीला एमआर चालतो. ओलीच्या भिंतीला आणि स्वयंपाकघराला बीडब्ल्यूआर घ्यावा. दिवाणखान्यात मरीन लावणे म्हणजे घरात घालायला शेरवानी शिवण्यासारखे आहे. मार्का आणि दर्जा शीटवर छापलेला असतो, तो कापण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दाखवावा. एमआर लावून बीडब्ल्यूआरचे पैसे घेणारे लोक या धंद्यात आहेत, हे आपण जाणतो. मापात आणि मालात कमी देण्याविषयी आपल्या धर्मात किती सक्त ताकीद आहे, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आणखी एक. अनेक नव्या टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसून अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. त्यांत खिळा जात नाही आणि भिंत फोडून कोनाडा काढणे तर इमारतीला धोक्याचे आहे. जुन्या चाळीतली ठोकाठोकीची सवय तेथे चालणार नाही. सात फुटी जोडी पुढे कलंडू नये म्हणून वरच्या बाजूला दोन अँगल आणि दोन स्क्रू भिंतीत असावेत. लहान मुले ड्रॉवरवर चढतात, म्हणून हे टाळू नये. पण तेवढेच. निघताना ते दोन स्क्रू काढले की झाले.

शिंप्याचे झाले ते

आता मूळ दुखण्याकडे येतो. आम्ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दुकानात बसू लागलो, तेव्हा हिंदमाताला शर्टपीस-पँटपीस घेऊन गिऱ्हाईक थेट शिंप्याकडे जात असे. आमच्या मोहल्ल्यात शिंप्यांची दुकाने होती. मालक स्वतः माप घ्यायचे, स्वतः कापायचे. ईदच्या आधी पंधरा दिवस ऑर्डर बंद असल्याची पाटी लागायची. मग तयार कपडा आला. आमचे शिंपी हसले. म्हणाले, "अंगाला बसणार नाही, दोन धुण्यांत जाईल." काही अंशी ते खरेही होते. पण तयार कपड्याने एक गोष्ट केली. त्याने अडतीस, चाळीस, बेचाळीस अशी मापे ठरविली, किंमत पाटीवर लिहिली आणि माल त्याच दिवशी हातात दिला. आमचा शिंपी मात्र "परवा या" म्हणत राहिला. पुढे तोच शिंपी कारखान्यात नगावर शिवू लागला. हात त्याचाच, लेबल दुसऱ्याचे.

हेच आता सुताराच्या दारात आले आहे. सुटे पॅक केलेले फर्निचर १९५६ पासून विकणारी स्वीडनची आयकिया २०१८ साली हैदराबादला आली आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. तिचे बिली नावाचे पुस्तकांचे कपाट १९७९ पासून जवळजवळ त्याच मापात विकले जाते. आपल्याच देशातल्या मॉड्युलर कंपन्या टॉवरच्या फाटकाशी टेबल टाकून बसतात. त्या संगणकावर चित्र दाखवितात, लेखी बिल देतात, तारीख देतात, हमी देतात. त्यांचा माल पुष्कळदा पार्टिकल बोर्डचा असतो, ओलीने फुगतो, लांब फळी पुस्तकांच्या वजनाने वाकते. आपला सुतार हे दाखवून हसतो. आमचा शिंपीही असाच हसला होता.

आपल्या कारागिराजवळ जे आहे ते कंपनीजवळ नाही. त्याला लाकूड कळते. खोलीचा कोपरा काटकोनात नसेल तर तो जागेवर भर घालतो. दहा वर्षांनी बिजागरी तुटली तर तो येतो, कारण तो त्याच शहरात राहतो. त्याच्याजवळ ठरलेले माप, लिहिलेला भाव आणि पाळलेली तारीख नाही. या तीन गोष्टी शिकायला भांडवल लागत नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, दोन-चार सुतारांनी मिळून एक गाळा घ्यावा. शीट तेथे कापावी, भोके तेथे पाडावीत, सनमायका तेथे लावावा. गिऱ्हाइकाच्या घरी फक्त दोन दिवस जोडणी. आज सुतार दीड-दोन महिने घरात राहतो. भुसा, वास, रोजचा चहा आणि घरात बायका-मुले. गिऱ्हाईक कंपनीकडे जाते ते निम्मे या त्रासाला कंटाळून.

दुसरी गोष्ट, एका टॉवरचा एक नकाशा मिळवावा आणि त्याला बसतील असे तीन नमुने करून ठेवावेत. पहिल्या घरात काम नफा कमी घेऊन उत्तम करावे. त्या मजल्यावरचे बाकीचे लोक तेच पाहून येतील. पॅटर्न एकदा पडला की दहावे कपाट पहिल्याच्या निम्म्या वेळात होते, हे कापडाच्या कटरला विचारा.

तिसरी, लेखी अंदाजपत्रक द्यावे. प्लायचा दर्जा, जाडी, बिजागरीचा प्रकार, डब्यांची संख्या, तारीख. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवावे. भायखळ्याचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक १९३६ पासून आहे. तेथून शिकून आलेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत आणि त्यांतली कित्येक नोकरीची वाट पाहत बसली आहेत. एक सुतार आणि एक ड्रॉइंग काढणारा मुलगा अशी जोडी झाली, तर ते एक दुकान झाले.

चौथी, केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत अशी तिची रचना आहे. तिच्यातले कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे, त्याबाबत ज्याने-त्याने आपला विचार करावा. पण प्रशिक्षण व अवजारे यांची चौकशी करण्यात आळस करू नये.

पाचवी गोष्ट आमच्यासारख्या व्यापाऱ्यांसाठी. आमच्या दुकानात रोज अशी गिऱ्हाइके येतात, ज्यांना नव्या घरासाठी पडदे हवेत. पडदा घेणारा माणूस पुढच्या महिन्यात कपाट करतोच. आपल्या विश्वासातल्या सुताराचे कार्ड काउंटरवर ठेवायला काय लागते? मात्र शिफारस करताना आम्ही केली तशी अर्धी करू नये. काम पक्के आहे का, एवढे विचारून थांबू नये. हे घर किती वर्षांचे आहे आणि निघताना हे सामान सोबत येईल का, हे आधी विचारावे.

भाऊंच्या नव्या घरी आम्ही मागच्या महिन्यात चहाला गेलो होतो. काम २०१५ च्या त्याच सुताराने केले आहे. प्रथम तो नाराज होता. म्हणाला, "शेठ, असे सुटे डबे म्हणजे काय सुतारकाम?" भाऊंनी त्याला जुने कपाट तोडतानाचा मोबाइलवरचा फोटो दाखविला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने टेप काढली आणि काम सुरू केले. आता त्याच मजल्यावरची आणखी तीन घरे त्याच्याकडे आहेत, तिन्ही एकाच मापाची. पहिल्या दिवशी त्याने जिग बनविली, ती त्याने गाळ्यात खुंटीला टांगून ठेवली आहे आणि शागीर्दाला तिला हात लावू देत नाही.